ज्येष्ठांच्या कार्यक्रमात विद्यार्थी स्वयंसेवक: तयारीपासून शेवटची व्यक्ती घरी पोचेपर्यंत कशानंतर काय करायचं

दरवेळी तेच होतं. मुलं उत्साहाने येतात, गाण्याची तालीम झालेली असते, हॉल सजलेला असतो आणि आजी-आजोबा मात्र ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच दारात हजर, कारण उशीर नको व्हायला म्हणून ते घरून लवकर निघालेले असतात. दारात कुणीच नाही, सगळे स्वयंसेवक स्टेजपाशी. मग कार्यक्रम छान होतो, टाळ्या होतात, संपला रे संपला की मुलं ग्रुप फोटोला पळतात आणि त्याच वेळी चाळीस-पन्नास ज्येष्ठ एकदम उठून एकाच दाराकडे निघतात. काठ्या अदलाबदल होतात, टॉयलेटला रांग लागते, न्यायला कोण येणार हे कुणालाच माहीत नसतं.

मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या मुलांना अशा कार्यक्रमांना नेतेय आणि सगळ्यात जास्त चुका येण्याच्या आणि जाण्याच्या वेळीच होतात हे इतक्यांदा बघितलंय की आता मी तयारीच तिथून सुरू करते. मधला कार्यक्रम थोडा फसला तरी निभावतं. दारातली गडबड निभावत नाही, तिथे माणूस पडतो.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. विशेषतः टप्पा ४ च्या आधी टप्पा २ झालेलाच हवा, नाहीतर मुलांना शिकवाल एक आणि जागेवर निघेल दुसरंच.

## टप्पा १: तीन आठवडे आधी, आधी माणसांची माहिती मग कार्यक्रम

बहुतेक जण आधी कार्यक्रम ठरवतात आणि मग किती ज्येष्ठ येणार ते विचारतात. उलटं करा. ज्या संस्थेतून किंवा मंडळातून ज्येष्ठ येणार आहेत तिथल्या जबाबदार माणसाशी बोला आणि एवढं लिहून घ्या:

- किती जण येणार, त्यातले व्हीलचेअरवर किती, वॉकर किंवा काठी घेऊन चालणारे किती
- कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला कमी दिसतं
- कुणाची स्मरणशक्ती कमी झालीय, त्यांच्यासोबत घरचं किंवा ओळखीचं माणूस असणार का
- खाण्यापिण्याची पथ्यं, आणि गिळायला त्रास असणारं कुणी आहे का
- औषधाची किंवा इन्सुलिनची वेळ कार्यक्रमाच्या मधे येतेय का
- प्रत्येकाला आणणार कोण, नेणार कोण आणि त्या माणसाचा फोन नंबर

आजाराची सविस्तर माहिती मागू नका, तिचा मुलांना काही उपयोग नाही आणि ती त्या माणसाची खासगी गोष्ट आहे. मुलांना फक्त काय करायचं तेवढं कळावं. म्हणजे ‘डाव्या बाजूने बोला, उजव्या कानाने ऐकू येत नाही’ इतकं पुरे.

आणि एक गोष्ट जी जवळजवळ कुणीच करत नाही, येणाऱ्यांपैकी तिघा-चौघांना थेट विचारा की तुम्हाला काय आवडेल. आपण धरूनच चालतो की त्यांना दोन तास बसून मुलांचे नाच बघायचेत, आणि विचारल्यावर कळतं की त्यांना गप्पा मारायच्यात, पत्ते किंवा कॅरम खेळायचंय, मोबाईलमधलं काहीतरी शिकून घ्यायचंय, किंवा स्वतःच गायचंय. कार्यक्रम त्यावरून ठरवा. एकूण वेळ दीड ते दोन तासांच्या वर नेऊ नका, त्यातही मधे एकदा उठायला वेळ हवा, सलग बसवून ठेवायचं नाही. भाषणं सगळी मिळून दहा मिनिटांत बसवा.

मुलांच्या बाजूचं काम पण याच आठवड्यात उरका. पालकांची लेखी परवानगी, मुलांची वेळ, ती परत कशी जाणार, बरोबर मोठी माणसं कोण. मी साधारण तीन ज्येष्ठांमागे एक विद्यार्थी धरते आणि दहा-बारा मुलांमागे दोन मोठे, त्यातला एक तरी प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालेला. मुलं जास्त झाली तर ती आपापसातच बोलत बसतात, म्हणून जास्त नावं आली तर दोन गट करून दुसऱ्या गटाला पुढच्या वेळी न्या.

तपासा: न्यायला येणाऱ्यांचे फोन नंबर सगळ्यांचे आले का? एकाचाही राहिला असेल तर हा टप्पा झालेला नाही.

## टप्पा २: जागा स्वतः चालून बघा, फोटोवर जाऊ नका

गाडी थांबते तिथून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून टॉयलेटपर्यंत हळू चाला, शक्य असेल तर रिकामी व्हीलचेअर ढकलत. मेजरटेप घेऊन जा.

दाराची मोकळी रुंदी निदान ८० सेंटिमीटर हवी, खुर्च्यांमधली वाट ९० सेंटिमीटर, आणि व्हीलचेअर पूर्ण वळवायला साधारण १५० सेंटिमीटरची मोकळी जागा लागते. रॅम्प असेल तर त्याचा चढ १ : १२ पेक्षा जास्त नको, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. एखादी फळी टाकून ‘झाला रॅम्प’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा, व्हीलचेअर तिथेच मागे कलंडते.

खुर्च्यांचं फार महत्त्व आहे. हात असलेल्या, पक्क्या, न घसरणाऱ्या, बसायची उंची ४५ ते ५० सेंटिमीटर. मऊ सोफा दिसायला मान देणारा वाटतो पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठताच येत नाही, मग तो लाजेने तसाच बसून राहतो. हात नसलेल्या प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्च्या तर उठताना मागे सरकतात.

उजेड बघा, तोही कार्यक्रमाच्या वेळेलाच जाऊन बघा. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, त्यामुळे तुम्हाला ‘छान मंद’ वाटतोय तो उजेड त्यांना अंधार असतो. पायऱ्यांच्या कडेला वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाची टेप लावा. सुटे गालिचे काढून टाका, माईकच्या वायरी वाटेत येत असतील तर भिंतीकडून फिरवा.

टॉयलेट किती लांब आहे, आत धरायला दांडा आहे का, फरशी ओली राहते का, कडी बाहेरून उघडता येते का. हे सगळं लिहा. टॉयलेट वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर जागा बदला. यावर मी तडजोड करत नाही, कारण टॉयलेटची सोय नाही म्हटल्यावर बरेच ज्येष्ठ सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग कार्यक्रमात चक्कर येते.

सावधान: लिफ्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वीज गेली तर खाली कसं आणणार ते आधीच विचारून ठेवा.

## टप्पा ३: मुलांना आधी जागा द्या, मग काम

मुलांना ‘तू स्वागत, तू पाणी, तू फोटो’ अशी कामं वाटली की काम संपलं की मूल मोकळं होतं आणि मग कोण कुठे आहे ते कळत नाही. त्यापेक्षा जागा वाटा. गाडीपाशी दोन, दारात दोन, वाटेच्या वळणावर एक, टॉयलेटच्या वाटेवर एक मुलगा आणि एक मुलगी, खाण्यापिण्याच्या टेबलापाशी दोन, आणि बाकीचे बसलेल्यांच्या सोबत, एकेकाकडे ठरलेल्या खुर्च्या. आपली जागा सोडायची असेल तर दुसऱ्याला तिथे उभं करून मगच जायचं, हा एकच नियम पाठ करून घ्या. स्टेजवर काही सादर करणारी मुलं वेगळीच ठेवा, त्यांना दुसरी जबाबदारी देऊ नका.

कुठल्या मुलाला कुठे ठेवायचं यात थोडा विचार करा. बडबडी मुलं खुर्च्यांपाशी, शांत आणि निरीक्षण करणारी मुलं वाटेच्या वळणावर, कारण कोण डगमगतंय ते त्यांनाच आधी दिसतं. गाडीपाशी अंगाने मजबूत आणि डोक्याने थंड अशी मुलं.

नाव लिहिलेले बिल्ले मोठ्या अक्षरात करा, प्रिंट असेल तर १८ पॉइंटच्या खाली नको, नाव तर त्याहून बरंच मोठं, जाड काळी अक्षरं पांढऱ्या कागदावर. कागदाला चकाकणारं लॅमिनेशन नको, दिव्याचा उजेड त्यावरून परततो आणि वाचता येत नाही.

## टप्पा ४: सराव, पूर्ण दोन तास, आणि तो करूनच

इथे लोक पंधरा मिनिटांचं भाषण देऊन मोकळे होतात आणि नंतरच्या बहुतेक चुका तिथूनच येतात. ‘मोठ्यांशी आदराने वागा’ हे सांगून मुलाला व्हीलचेअरचा ब्रेक कुठे असतो ते कळत नाही. एक व्हीलचेअर, एक वॉकर, एक काठी मिळवा आणि प्रत्येक मुलाला दोन्ही बाजू करायला लावा, ढकलणारा पण आणि बसणारा पण. बसलेल्या मुलाला न सांगता एकदम खुर्ची वळवून दाखवा, पोटात गोळा कसा येतो ते एकदा कळलं की पुन्हा कुणी न सांगता व्हीलचेअरला हात लावत नाही.

हात लावण्याआधी विचारा. ‘मदत करू का?’ आणि हो म्हटल्यावर ‘कशी करू?’ हा दुसरा प्रश्न बहुतेक मुलं गाळतात. ते माणूस रोज त्या गुडघ्याने चालतंय, कुठल्या बाजूने आधार हवा ते त्यालाच माहीत. नको म्हणाले तर बाजूला राहायचं, पण जवळ राहायचं.

खुर्चीतून उठताना. काखेत हात घालून उचलायचं नाही, मनगट धरून ओढायचं नाही, म्हाताऱ्या खांद्याला तेवढ्याने इजा होते. आधी त्यांना खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकू द्या, पाय गुडघ्याच्या थोडे मागे घेऊ द्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, मग पुढे वाकून ते स्वतः उठतील. वॉकर धरून त्यावर जोर देऊन उठू देऊ नका, तो कलंडतो. उठल्यावर लगेच चालायला लावू नका. बराच वेळ बसून उठल्यावर बीपी खाली येऊ शकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून उभं राहिल्यावर एक मिनिट तिथेच थांबायचं, ‘बरं वाटतंय ना?’ विचारायचं आणि मगच पहिलं पाऊल.

चालताना. त्यांचा हात तुम्ही धरायचा नाही, तुमचा हात त्यांना धरायला द्यायचा. कोपरात हात वाकवून पुढे करा, वेग त्यांचा. काठी असेल तर ती सहसा चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात असते, म्हणून तुम्ही दुसऱ्या, दुखऱ्या बाजूला, जरासं मागे. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि मुलाने नेहमी खालच्या पायरीच्या बाजूला राहायचं. कमी दिसणाऱ्या व्यक्तीसोबत अर्धं पाऊल पुढे चाला, पायरी आली की थांबा आणि सांगा, ‘वर जाणाऱ्या तीन पायऱ्या आहेत’. नुसतं ‘जपून’ म्हटल्याने काही कळत नाही.

व्हीलचेअर. क्रम असा:

१. थांबलात की दोन्ही ब्रेक लावा, अर्ध्या मिनिटासाठी थांबलात तरी.
२. बसताना-उठताना पाय ठेवायच्या पट्ट्या वर घ्या. त्यावर उभं राहिलं की खुर्ची पुढे पालथी होते.
३. बसल्यावर पट्ट्या खाली, दोन्ही पाय पट्टीवर आहेत का, साडी-शाल-ओढणी चाकापाशी लोंबत नाही ना, हात चाकाच्या बाहेर नाहीत ना, बघा.
४. हलवण्याआधी बोला, वळण्याआधी बोला.
५. तीव्र उतार असेल तर उलटं उतरा, म्हणजे तुमची पाठ उताराकडे, खुर्ची तुमच्या अंगावर.
६. छोटा उंबरा असेल तर खुर्चीच्या मागे खाली, ढकलणाऱ्याच्या पायाशी येणाऱ्या दांडीवर पाय देऊन पुढची चाकं उचला. खुर्चीचे हात धरून माणसासकट उचलायचा प्रयत्न करू नका, ते हात बऱ्याच खुर्च्यांमध्ये निघून येतात.

एका कार्यक्रमात आमच्याच एका मुलाने पट्टीवर पाय आहे का ते न बघता खुर्ची पुढे नेली आणि आजींचा पाय खाली घासत गेला. त्या ओरडल्या नाहीत, कारण पोराचं मन दुखावेल. नंतर जखम दिसली. त्यात मुलाचा दोष नव्हता, त्याला मी हे कधी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून सराव झाल्याशिवाय मी एकाही मुलाला नेत नाही.

बोलताना. समोर या, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, तोंडावर हात नको, पाठीमागे खिडकी नको कारण मग तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. ओरडू नका. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू यायचे कमी होतात, त्यामुळे स, श, फ, त अशी अक्षरं निसटतात आणि ओरडल्याने ती परत येत नाहीत, उलट आवाज फाटतो. जरा खालच्या पट्टीत, सावकाश, पूर्ण वाक्य. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. कानात मशीन असलेल्या माणसाला गर्दीचा गोंगाट पण मोठा होऊन ऐकू येतो, म्हणून अशांना स्पीकरपासून लांब पण स्टेज दिसेल असं बसवा.

हाक काय मारायची तेही विचारा. सगळ्यांनाच आजी म्हटलेलं आवडतं असं नाही, कुणी चाळीस वर्षं शिकवलेलं असतं त्यांना बाई म्हटलेलं आवडतं, कुणाला काका, कुणाला नुसतं नाव आणि पुढे राव. ‘मी आपल्याला काय म्हणू?’ या प्रश्नाने गप्पा पण सुरू होतात. आणि लहान बाळाशी बोलतात तसं लाडिक बोलायचं नाही, ‘अले वा, खाल्लं का आपण’ असं अजिबात नाही.

विसरणाऱ्या माणसाशी. ‘मला ओळखलंत का?’ ‘आज वार कोणता?’ असे प्रश्न मुलं सहज विचारतात, ती परीक्षा होते आणि माणूस ओशाळतं. आपणच नाव सांगायचं, दर वेळी नव्याने सांगायचं. त्यांनी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तर चौथ्यांदा ऐकायची. त्या म्हणाल्या की मला आईकडे जायचंय, तर ‘तुमची आई कधीच गेली’ असं म्हणायचं नाही, ‘आई कशी होती हो तुमची?’ असं विचारून बोलतं ठेवायचं आणि हळूच मोठ्या माणसाला खूण करायची.

मुलांनी काय करायचं नाही, हे पण सरावातच सांगा: कुणालाही गोळी द्यायची नाही, आपल्याकडची डोकेदुखीची साधी गोळी सुद्धा नाही. पैसे घ्यायचे नाहीत, ठेवायला पण नाहीत. टॉयलेटच्या आत मदतीला जायचं नाही, दारापर्यंत सोडून मोठ्या मदतनीसाला बोलवायचं. एकट्याने कुणासोबत बंद खोलीत बसायचं नाही. आपला पत्ता किंवा नंबर द्यायचा नाही, कुणी प्रेमाने मागितला तर ‘आमच्या बाईंना विचारते’ म्हणायचं.

तपासा: प्रत्येक मुलाने ब्रेक लावून दाखवला का? ‘कशी मदत करू?’ हे तोंडाने म्हणून दाखवलं का? मनात म्हटलेलं चालत नाही.

## टप्पा ५: त्या दिवशी, दोन तास आधी

सकाळी मुलांना फोन करा, कुणाला सर्दी, खोकला, ताप, जुलाब असेल तर येऊ नको म्हणून स्पष्ट सांगा, ते कितीही हिरमुसलं तरी. तरुणाला थोड्या दिवसांत बरी होणारी सर्दी वय झालेल्या माणसाच्या छातीत उतरू शकते. आल्याआल्या सगळ्यांनी साबणाने निदान २० सेकंद हात धुवायचे. बूट न घसरणारे, लोंबणारे दागिने-ओढण्या नाहीत, मोबाईल सायलेंट आणि खिशात.

मग याच क्रमाने: आधी वाट मोकळी आणि कोरडी करा, मग खुर्च्या मांडा, मग माईक तपासा. पंखा किंवा एसीच्या थेट झोतात खुर्ची नको, त्यांना थंडी आपल्यापेक्षा लवकर वाजते. व्हीलचेअरसाठी रिकामी जागा रांगेच्या मधे ठेवा, सगळ्यात मागे ढकलू नका. आणि माईक तपासताना एकाने शेवटच्या खुर्चीत बसून ऐकायचं.

दार उघडायच्या पाऊण तास आधी सगळी मुलं आपापल्या जागेवर. पुन्हा लिहिते, पाऊण तास आधी.

## टप्पा ६: येण्याची वेळ

गाडी थांबली की आधी आतल्या माणसाला नमस्कार, मग दार पूर्ण उघडायचं, मग काठी किंवा वॉकर हातात द्यायचा, मग उतरू द्यायचं. काठी डिकीत आणि माणूस रस्त्यावर उभं, हे फार वेळा होतं. दारातल्या मुलाने लिस्टवर नाव टिक करायचं, सोडायला आलेल्या माणसाला ‘किती वाजता आणि कोण येणार न्यायला?’ पुन्हा विचारून समोर लिहायचं, कारण तीन आठवड्यांपूर्वी सांगितलेलं बदललेलं असतं.

काठी-वॉकरला, बॅगला नावाची पट्टी लावा, लगेच, दारातच. आणि बसवून झाल्यावर काठी त्यांच्या हाताशीच ठेवा. वाटेत येते म्हणून भिंतीला नेऊन लावली की त्या माणसाचं उठणं तुमच्यावर अवलंबून होतं, आणि ते विचारायला लाजून तसंच उठायला जातं.

सावधान: एकाला आत सोडायला गेलेलं मूल परत दारात येईपर्यंत दार रिकामं राहतं. म्हणून दारात दोघं, आणि दोघं एकदम आत जायचं नाही.

## टप्पा ७: कार्यक्रम चालू असताना

इथे फार सांगण्यासारखं नाही, मुलं सराव करून आली असतील तर हा वेळ त्यांचाच असतो. बसलेल्यांसोबतच्या मुलांनी खरंच बसायचं, उभं राहून हातात ट्रे घेऊन फिरायचं नाही. शिकवायला आलोय असं न वागता विचारायचं, ऐकायचं. मोबाईल शिकवत असाल तर फोन त्यांच्याच हातात राहू द्या, बोट त्यांचंच, तुम्ही फक्त तोंडाने सांगा, नाहीतर तुमचं पटापट होतं आणि त्यांना काहीच येत नाही. त्यांचे पासवर्ड, बँकेचं काही, याला हात लावायचा नाही.

पाणी दर अर्ध्या तासाने स्वतः नेऊन द्या. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते, त्यामुळे ‘पाणी हवं का?’ला बहुतेक जण नको म्हणतात. ग्लास अर्धा भरा, हात थरथरत असतील तर सांडत नाही. गरम पेय काठोकाठ कधीच नको. पथ्याच्या लिस्टशिवाय कुणाला काही खायला देऊ नका, आणि खाताना बोलायला, हसवायला लावू नका, ठसका लागतो.

मध्यंतर १५ मिनिटांचं पुरत नाही. टॉयलेटला जाऊन यायला एकेकाला सात-आठ मिनिटं लागतात, बीपीच्या काही गोळ्यांमुळे लघवी वारंवार होते, म्हणून निदान अर्धा तास ठेवा आणि रांगेत खुर्च्या ठेवा.

फोटो काढण्याआधी विचारा. एकदा सगळ्यांना माईकवरून विचारलं म्हणजे झालं असं नाही, ज्यांना नको त्यांच्या बिल्ल्यावर रंगीत ठिपका लावा आणि ते कुठल्याच फोटोत येणार नाहीत असं बघा. जेवताना, झोप लागलेली असताना, रडताना फोटो नाही.

## मधेच तब्येत बिघडली तर

मुलांचं काम तीन गोष्टींचं: जवळ थांबायचं, हात वर करून मोठ्याने मोठ्या माणसाला बोलवायचं, आणि घड्याळात वेळ बघून ठेवायची. पुढचं मोठी माणसं करतील. पण ओळखायला यायला हवं:

- पडले: लगेच उठवू नका. तिथेच राहू द्या, कुठे दुखतंय विचारा. कंबर किंवा मांडी दुखतेय, पाय वाकडा किंवा आखूड दिसतोय तर हलवायचंच नाही. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर माणूस अगदी ठीक दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.
- चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर होत नाही, बोलणं अडखळतंय: हा पक्षाघात असू शकतो. लगेच ॲम्ब्युलन्स. खायला-प्यायला काही देऊ नका. कधी सुरू झालं ती वेळ लिहा, गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि डॉक्टर हाच प्रश्न आधी विचारतात.
- घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं, आणि डायबेटिस आहे: साखर कमी झालेली असू शकते. शुद्धीत असतील आणि नीट गिळता येत असेल तर मोठ्या माणसाने साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं. शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच ॲम्ब्युलन्स.
- एकदम दम लागला, खूप गळून गेल्यासारखं वाटतंय, घाम: छातीत दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका, या वयात हार्ट अटॅक छातीत न दुखता पण येतो.
- घास अडकला: खोकत असतील तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर ट्रेनिंग झालेल्या माणसाने पुढे वाकवून पाठीत पाच थपडा, मग पोटावर पाच दाब, आळीपाळीने, आणि दुसऱ्याने ॲम्ब्युलन्सला फोन.

ॲम्ब्युलन्सचा नंबर आणि जागेचा पूर्ण पत्ता कागदावर मोठ्या अक्षरात दारात, माईकपाशी आणि खाण्याच्या टेबलापाशी चिकटवा. घाबरल्यावर मुलांना हॉलचं नाव पण आठवत नाही.

## टप्पा ८: परत जाण्याची वेळ

शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आधीच दारातली आणि गाडीपाशीची मुलं जागेवर गेलेली हवीत. त्यांचं शेवटचं गाणं बुडतं, ते आधीच सांगून ठेवा.

कार्यक्रम संपला की माईकवरून सांगा, ‘सगळ्यांनी बसूनच राहा, आम्ही एकेकाला नावाने बोलावतो.’ मग ज्याची गाडी आली त्यालाच उठवायचं. उठल्यावर एक मिनिट थांबणं इथे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बराच वेळ बसून झालेला असतो. आधी टॉयलेट, मग काठी-बॅग-चष्मा-शाल-कानातलं मशीन एकदा तोंडाने मोजायचं, मग वाट. दारात लिस्टवर दुसरी टिक, कुणासोबत गेले ते लिहून.

एकदा एक आजोबा जवळजवळ पाऊण तास फाटकापाशी एकटे बसून होते आणि आम्ही आत खुर्च्या आवरत होतो. आलेले सगळे टिक केले होते, गेलेल्यांची यादीच नव्हती. म्हणून हा दुसरा रकाना.

ग्रुप फोटो, आवरणं, मुलांचं खाणं, हे सगळं शेवटची व्यक्ती गाडीत बसल्यावर. मुलांना भूक लागते हे मला कळतं, म्हणून त्यांना मध्यंतरात आळीपाळीने खाऊन घ्यायला लावा.

तपासा: दोन्ही रकान्यांतल्या टिक सारख्या आहेत का? जे एकटे गेले त्यांना तासाभराने फोन करून पोचलात का विचारलं का?

## टप्पा ९: त्याच दिवशी अर्धा तास, आणि आठवड्याभरात एक फोन

मुलांना गोल बसवा आणि प्रत्येकाला विचारा, कुठे अडलास, काय बघून वाईट वाटलं. कुणाला कुणाचं एकटेपण ऐकून रडू आलेलं असतं, ते घरी नेण्याआधी बोलून टाकू द्या. ज्येष्ठांपैकी कुणी अंगावरचे वळ, घरी मारहाण, उपासमार, पैसे काढून घेणं असं काही सांगितलं असेल तर मुलाने ते मित्रांत बोलायचं नाही, थेट तुम्हाला सांगायचं, आणि तुम्ही त्याच दिवशी संस्थेच्या जबाबदार माणसापर्यंत पोचवायचं.

मुलांनी ‘पुढच्या रविवारी येतो हं’ अशी वचनं दिली असतील तर ती पण विचारून लिहून घ्या. काही आजी खरंच वाट बघत बसतात. जमणार असेल तर तारीख ठरवून कळवा, जमणार नसेल तर तसा फोन त्या मुलालाच करायला लावा, तुम्ही शेजारी बसून.

आठवड्याभरात संस्थेला फोन करून तीन प्रश्न विचारा: दुसऱ्या दिवशी कुणाला त्रास झाला का, कुणाची वस्तू राहिली का, आणि त्यांना कुठला भाग कंटाळवाणा वाटला. तिसऱ्याला ‘नाही हो, सगळं छान होतं’ असंच उत्तर येतं, तेव्हा जरा थांबून विचारा, ‘पुढच्या वेळी एक गोष्ट गाळायची झाली तर कुठली गाळू?’ मग सांगतात. ते उत्तर पुढच्या टप्पा १ च्या कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवा.